चिनी पितर आणि एक सही

भादव्याच्या उन्हावर माझा विश्वास नाही. सकाळी नऊला ते इतकं चकचकीत पडतं की माणूस गाद्या गच्चीवर टाकतो, आणि साडेदहाला कुठूनसा एक ढग येऊन नेमका त्या गाद्यांवर मोकळा होतो. पाऊस गेला म्हणावं तर तो गेलेला नसतो आणि थंडीचा पत्ता नसतो. गणपती गेलेले, देवी यायची. कोपऱ्यावरच्या मांडवाचे बांबू तसेच उभे, कारण पंधरा दिवसांनी तेच लागणार. कापडाच्या दुकानांत नोकरमाणसं एकमेकांना चहा पाजत बसतात. अमरावतीत या पंधरवड्यात कुणी गाडी घेत नाही, कुणी पोरीचं लग्न ठरवत नाही. गवारीच्या शेंगा विकणारी बाई तेवढी भाव सांगताना माझ्याकडे बघत नाही. श्राद्धाच्या या दिवसांत शेंगा घेतल्याशिवाय मी जाणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक असतं.

यंदा पितृपक्षाच्या चौथ्या दिवशी मार्था तायडेचा फोन आला. तीन वर्षांनी.

“सर, नवीन नोंदणी करून राहिली मी पीएचडीची. आधीच्या गाइडचं ना हरकत पत्र लागते. घाई नाई सर. तुमचे दिवस होऊ द्या, मंग येईन.”

तुमचे दिवस होऊ द्या. मी ‘बरं’ म्हणून फोन ठेवला. हातातली शेंगांची पिशवी बराच वेळ खाली ठेवायची राहून गेली.

मार्था माझी विद्यार्थिनी. चांदूर बाजारची, तिथल्या जुन्या ख्रिस्ती घरातली. एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवायची, म्हणजे जितके तास तितकाच पगार, आणि सुट्टी लागली की तोही नाही. मी तेव्हा अमरावतीला तत्त्वज्ञान शिकवत होतो आणि तिच्या प्रबंधाचा मार्गदर्शक होतो. मार्गदर्शक हा शब्द आज लिहिताना मला जड जातो.

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. दूध उतू गेलं तर मी प्रथम गॅसवर संशय घेतो, मग भांड्यावर, आणि सगळ्यात शेवटी स्वतःवर, तोही बायकोने घ्यायला लावला तर. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्याला संशय पगारासोबत मिळतो असं मी वर्गात म्हणायचो आणि पोरं हसायची. आतून मला त्याचा अभिमान होता. सगळे भोळे, आपण तेवढे जागे.

तर ही मुलगी एका दुपारी विषय घेऊन आली: चिनी भाषेत आणि चिनी संस्कृतीत घडलेलं ख्रिस्ती धर्मचिंतन.

मी चष्मा काढून पुसला. “चांदूर बाजारहून चीनला कशी पोचलीस तू?”

“वाचता वाचता, सर.”

“कुणी सुचवलं?”

“कोणी नाई.”

त्या ‘कोणी नाई’नेच माझे कान टवकारले. कुणीतरी असणारच. कुठली परदेशातली मिशन, कुठली शिष्यवृत्ती, कुणी पाहुणा पाद्री. नाहीतर आमच्याकडच्या पोरी काय विषय घेतात, मला माहीत होतं. मी होकार दिला खरा, पण तो डोळ्यांत तेल घालून दिला.

चिनी येतं का, म्हणून विचारलं तर तिने पिशवीतून गणिताची चौकटीची वही काढली. एकेका चौकटीत एकेक अक्षर. मोबाइलवरून शिकत होती, सहाशेच्या आसपास अक्षरं येतात म्हणाली, बाकीचं इंग्रजीतून वाचते. “हे बघा सर, हे ‘ताओ’. म्हणजे वाट. याच्यात एक डोकं हाये आणि एक चालणं हाये.” मी अक्षर निरखून पाहिलं. डोकं दिसलं, चालणं काही दिसलं नाही. वही खरंच तिची आहे की कुणाची उतरवून आणली, हा विचार मात्र लगेच चालत आला.

तरी खरं सांगायचं तर त्या दोन-तीन वर्षांत तिच्याइतकं मला कुणी शिकवलं नाही. युरोपातून चीनमध्ये गेलेल्या धर्मगुरूंपुढे पहिला पेच पडला तो देवाच्या नावाचा. एकाने म्हणायचं ‘वरचा सम्राट’, दुसऱ्याने म्हणायचं ‘स्वर्गाचा धनी’, तिसऱ्याने नुसता ‘देव’, आणि प्रत्येकाला दुसऱ्याच्या नावात जुन्या मूर्तीचा वास यायचा. मग पितरांचा पेच. चिनी घरात मेलेल्या वाडवडिलांच्या नावाच्या लाकडी पाट्या असतात. त्यांच्यापुढे उदबत्ती लावायची, जेवण ठेवायचं, वाकायचं. ख्रिस्ती झालेल्या माणसाने हे करावं की नाही? काही धर्मगुरू म्हणाले, हा नुसता आदर आहे, करू द्या. काही म्हणाले, ही पूजा आहे, पाट्या जाळा. भांडण रोमपर्यंत गेलं. तिकडून बंदी आली. बंदी ऐकून चीनचा बादशहा रागावला आणि त्याने उलट या लोकांवरच बंदी घातली. पुढे केव्हातरी, पुष्कळ पिढ्यांनी, रोमने सांगितलं की वाकायला हरकत नाही. तोपर्यंत पाट्या जाळलेल्या माणसांची नातवंडंही म्हातारी होऊन गेली होती.

आणि अलीकडचे ते विद्यापीठातले चिनी प्राध्यापक. बाप्तिस्मा घेतलेला नाही, चर्चला जात नाहीत, पण ख्रिस्ती धर्मावर आपल्या भाषेत, आपल्या डोक्याने ग्रंथच्या ग्रंथ लिहितात. चर्चवाले म्हणतात हे आपले नाहीत. बाकीचे म्हणतात हे परक्यांचे हस्तक. मी तिला म्हटलं, “यांचा विश्वास आहे की नाही, ते आधी ठरव.”

ती म्हणाली, “तुमचा हाये का सर?”

“कशावर?”

“श्राद्धावर. करता ना तुमी दरसाल.”

विद्यार्थ्याने मार्गदर्शकाला असं विचारू नये, असं माझ्या ओठांवर आलं होतं. मी म्हटलं, ती आमच्या घरची रीत आहे. तिने वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मला उलटं वाचता आलं नाही.

त्यानंतर तिचे प्रश्न वाढले. गोत्र माहीत नसेल तर? पणजोबाचं नावच कुणाला आठवत नसेल तर? मुलगी पाणी देऊ शकते का? ज्याचं कुणीच नाही त्याचं काय? मी उत्तरं द्यायचो आणि देताना मनात मोजायचो की ही आमच्या घरातलं काय काय काढून नेते आहे. उद्या कुठल्याशा पुस्तिकेत आपल्या वडिलांची खीर आणि दर्भ छापून यायचे, आणि शेजारी लिहिलेलं असायचं की हे अजून अंधारात चाचपडतायत.

माझे वडील अकोल्याला भिक्षुकी करायचे. पितृपक्ष म्हणजे त्यांची सुगी आणि आमच्या घरातला सगळ्यात गप्प महिना. सोवळं वाळत घातलेलं, पळसाच्या पत्रावळींचा ढीग, काळ्या तिळांचा डबा. धोतराला घामाचा आणि कापराचा मिळून एक वास यायचा. वडील तिन्हीसांजेला दमून यायचे आणि पायांवर पाणी घेत उभे राहायचे. कॉलेजात असतानाही मी शहाणाच होतो. मी त्यांना विचारलं, तुमचा खरंच विश्वास आहे का, की पाणी तिकडे पोचतं? ते म्हणाले, “यजमानाला बापाचं नाव आठवतं. तेवढं मी करतो.” मला ती बगल वाटली. पण एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिलेली आहे. एखाद्या घरी आजीचं नाव कुणालाच आठवेना, तर विधी तसाच पुढे रेटत ते कधी गेले नाहीत. पळी खाली ठेवून बसून राहायचे. “विचारा कुणाला. आत्याला विचारा. मी थांबतो.” मागे दोन घरं खोळंबलेली असायची, तरी थांबायचे. गोत्र नसेल तर काश्यप म्हणून वेळ मारून नेता येते, नावाला पर्याय नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. हे मी मार्थाला सांगितलं तेव्हा तिने लिहिणं थांबवलं आणि नुसतं ऐकलं. त्या दिवशी तरी मला कळायला हवं होतं.

तीन वर्षांपूर्वीचा तो पितृपक्ष असाच होता. चतुर घिरट्या घालत होते. वलगाव रस्त्याने जाताना सोयाबीन पिवळं पडू लागलेलं दिसायचं, आणि ओल्या जमिनीची वाफ शर्टाच्या आत शिरायची. मार्थाचा प्रबंध बांधून तयार होता. जमा करायची शेवटची तारीख सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी पडत होती. अकोटच्या एका कॉलेजात जागा निघाली होती, कायम नोकरीची, आणि मुलाखतीला प्रबंध जमा केल्याची पावती लागणार होती. हवी होती ती फक्त माझी सही. ‘हे काम उमेदवाराचं स्वतःचं आहे’ असा एक कागद असतो, त्याखाली.

माझं अडलं ते पाचव्या प्रकरणावर. ते पितरांच्या पाट्यांवर होतं. संदर्भ चोख, तळटीपा जागच्या जागी, नक्कल तपासणाऱ्या संगणकानेही ते धुतल्या तांदळासारखं ठरवलं होतं. मला त्या संगणकाचाही संशय आला. कारण त्या प्रकरणात असे प्रश्न होते जे मी कुठल्याच ग्रंथात वाचले नव्हते. पाट्या जाळल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी ती रिकामी जागा कोणी झाडली? जेवण ठेवायची वेळ झाली तेव्हा त्या बाईने हातांचं काय केलं? इतिहासाने बंदीची तारीख ठेवली, तिचे हात का नाही ठेवले? मी ते वाचलं आणि मला वाटलं, हे हिचं नाही. असे प्रश्न चांदूर बाजारच्या, तासिका तत्त्वावरच्या पोरीला सुचत नाहीत. हे कुणीतरी मोठ्या माणसाने लिहून दिलं आहे. वाक्य कठोर आहे, पण मी अगदी याच शब्दांत विचार केला होता. आज मला त्याची लाज वाटते.

तिच्या तोंडावर हे म्हणायला लागणारी हिंमत माझ्याजवळ नव्हती, पुरावाही नव्हता. आठवडा मिळाला तर मी मूळ शोधून काढीन अशी खात्री मात्र होती. ती सहीला आली तेव्हा मी म्हटलं, “मार्था, पितृपक्ष चालू आहे. वडिलांचे दिवस. या दिवसांत मी असल्या कागदांवर सही करत नाही. अमावास्या होऊ दे.”

तारीख तिला माहीत होती, मलाही होती.

“मुदत मिळते,” मी म्हटलं. “एक अर्ज दे.”

“हो सर,” ती म्हणाली. “तुमच्या घरचे दिवस हायेत.” आणि गेली. वाद नाही, रडणं नाही, विभागप्रमुखांकडे तक्रारही नाही. एवढं सहज ऐकलं म्हणजे नक्कीच पाणी मुरतंय, असा निष्कर्ष मी काढला.

त्या आठवड्यात मी पेन्शनच्या कागदांवर सह्या केल्या, गॅसच्या पावतीवर केली, स्वतःच्या रजेच्या अर्जावर केली. मार्थाला सांगितलेलं कारण ऐकून बायकोने वाढता वाढता विचारलं, “पेन्शनच्या वेळी नव्हता का हो पितृपक्ष?” मी कढी मागितली.

मूळ काही सापडलं नाही, कारण ते नव्हतंच. मुदत मिळाली नाही, नोंदणी रद्द झाली. अकोटची जागा दुसऱ्या कुणाला गेली, आणि घटस्थापनेच्या दिवशी माझी सही तयार होती. मग मी निवृत्त झालो. निरोपाच्या दिवशी कार्यालयातल्या बाबूने गंमत म्हणून तिचा तो मुदतवाढीचा अर्ज मला दाखवला. त्यात तिने लिहिलं होतं: ‘माझ्या मार्गदर्शकांच्या घरी त्यांच्या दिवंगत वडिलांचा पितृपक्ष सुरू असल्याने त्यांची सही मिळू शकली नाही. ही त्यांची कुलरीत असून तिचा मान राखणे मला आवश्यक वाटते.’ खाली माझ्या वडिलांचं पूर्ण नाव. बाबू म्हणाला, “सर, ख्रिश्चन पोरगी आणि पितृपक्षाचं कारण. काय डोकं चालवते.” मी त्याच्याबरोबर हसलो. त्या अर्जाबद्दल मी पुढे कुणाला सांगितलं नाही.

एखाद्याने आपलं खोटं ओळखलं तर आपण सुटतो. ते आदराने उचलून कपाळाला लावलं तर माणूस कुठे तोंड लपवील?

म्हणून यंदा दशमीला, म्हणजे वडिलांच्या तिथीला, मी सकाळी सातच्या गाडीने चांदूर बाजारला गेलो. श्राद्ध दुपारी होतं. बायको म्हणाली, आजच कशाला? मी म्हटलं, आज हे सांगितल्याशिवाय मला पळी हातात धरता येणार नाही. गाडीच्या काचेबाहेर संत्र्याच्या बागा होत्या, झाडांखाली हिरव्या फळांची गळ पडलेली. ना हरकत पत्र खिशात होतं. त्यात ‘नोंदणी रद्द होण्याचे कारण’ अशी जागा असते. तिथे मी लिहिलं होतं: मार्गदर्शकाने निराधार संशयापोटी खोटे कारण सांगून सही नाकारली.

मार्था अंगणात कपडे वाळत घालत होती. मला पाहून तिने ओले हात ओढणीला पुसले आणि खुर्ची दिली. तिची आई पाणी देऊन आत गेली. मी सगळं सांगितलं. संशय, पाचवं प्रकरण, चांदूर बाजारच्या पोरीला सुचत नाही हे वाक्यसुद्धा. ते सांगायची गरज नव्हती, पण अर्धं सांगायचा मला कंटाळा आला होता.

तिने उरलेला एक कपडा दोरीवर टाकला. मग म्हणाली, “माह्या पणजोबानं बाप्तिस्मा घेतला ना सर, तवा देवघरातले चांदीचे टाक पूर्णेच्या पाण्यात सोडाले लावले त्याले. त्याच्या मायबापाचे टाक होते थे. पणजोबा सोडून आला. पण पणजी होती ना, थे मरेपर्यंत रोज सकाळी तो रिकामा कोनाडा पुसत होती. कोणी विचारलं काहून, तर म्हणे धूळ बसते. माह्या बापानं सांगतलं मले हे.” तिने बादली बाजूला सरकवली. “तुमी इचारलं असतं तर सांगतलं असतं. तुमी इचारलंच नाई.”

मी पत्र पुढे केलं. तिने ते दोनदा वाचलं.

“हे मी लावणार नाई,” ती म्हणाली.

“खरं आहे ते.”

“तुमचं खरं हाये. पण माह्या अर्जात मी दुसरं लिहलं हाये, थेबी त्याच फायलीत हाये. तुमच्या कागदानं मी खोटी पडते.”

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तीन वर्षं मी माझ्या मनाचा हिशेब करत होतो, त्यात ती कुठे उभी राहील हे पाहिलंच नव्हतं. मी विचारलं, “तुला तेव्हा एकदाही शंका आली नाही? मी टाळतोय म्हणून?”

“माह्यावर शक घेतला त्याचं नवल नाई सर. चर्चमधलेबी घेतात, म्हणतात हे चिनी पितर कायले शिकते. कॉलेजातलेबी घेतात. सवय हाये मले.” तिचा आवाज चढला नव्हता, पण ती माझ्याकडे बघत नव्हती. “पण बापाच्या नावानं कोणी खोटं बोलत असन, असं मले वाटलंच नाई. आजीचं नाव सापडेपर्यंत थांबणारा माणूस होता थो. तुमीच सांगतलं होतं. मले वाटलं, त्याच्यासाठी मीबी थांबू शकते.”

मला रडू आलं. मी खाली मान घालून बसलो. अंगणात पाण्याचे थेंब कपड्यांवरून टपटपत होते.

तिने आतून त्याच पत्राचा कोरा नमुना आणि पेन आणलं. “दुसरं लिहून द्या. कारणाची जागा रिकामी ठेवा.” मी लिहिलं, सही केली, तारीख घातली. तिने कागद फुंकून वाळवला आणि पुस्तकात ठेवला.

“तिथी कवा हाये तुमच्या बाबाची?”

“आज.”

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. “मंग उठा, सर. साडेदहाची गाडी हाये. त्याइले ताटकळत ठेवू नका. मले ठेवलं तेवढं पुरे झालं.”